यजमानाचे नाव

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी वहिनींच्या घरचा संगणक त्यांच्या ऑफिसातल्या एका संगणकाशी जोडला गेला. जोडणी नऊ मिनिटे टिकली. तो संगणक वहिनींचा नव्हता.

वहिनी एका चाचणी प्रयोगशाळेत अहवाल तपासनीस आहेत. लिफ्ट आणि क्रेन ज्या पोलादी दोरांवर चालतात त्यांचे नमुने या प्रयोगशाळेत येतात. दोर यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढायचा, कोणत्या ताणाला तुटला तो आकडा अहवालात लिहायचा, असे काम. आकडा, सही आणि शिक्का जागच्या जागी आहेत की नाहीत हे वहिनी बघतात. एकोणीस वर्षे बघत आल्या आहेत. त्यातली अठराहून जास्त वर्षे अहवालाखालची सही त्यांच्याच नवऱ्याची असे. ते तिथे मुख्य चाचणीकार होते आणि आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. ऑफिस त्यांना 'सर' म्हणते. त्यांच्या बायकोला मात्र कधी कुणी 'मॅडम' म्हटले नाही. त्या पहिल्या दिवसापासून वहिनी.

तीन आठवड्यांपूर्वी ऑफिसच्या जिन्यात वहिनींचा पाय सटकला आणि घोट्याचे हाड मोडले. डॉक्टरांनी प्लास्टर घातले आणि सहा आठवडे घराबाहेर पडायचे नाही असे बजावले. अहवाल साचू लागले, तेव्हा मोठ्या साहेबांनी घरून काम कराल का म्हणून विचारले. घरात मुलीने मागे ठेवलेला संगणक होताच. ऑफिसच्या संगणकांची देखभाल करणारा माणूस, ज्याला गळ्यात कायम वायरीचे वेटोळे असते म्हणून सगळे वायरबाबा म्हणतात, सोमवारी एक पेनड्राइव्ह आणि हाताने लिहिलेला कागद देऊन गेला. घरच्या पडद्यावर ऑफिसातला संगणक दिसावा आणि तो इथून चालवता यावा, यासाठीचा प्रोग्रॅम त्या पेनड्राइव्हवर होता. तो कसा बसवायचा याच्या नऊ पायऱ्या कागदावर होत्या.

वहिनींनी तो कागद अहवालासारखा वाचला. चौथी पायरी होती, 'जे विचारेल ते सगळं मान्य करा.' तिच्यासमोर त्यांनी पेन्सिलीने लिहिले, 'सगळं म्हणजे काय काय?' पाचवी पायरी अशी होती: 'नाव विचारेल तिथे नाव टाका. पगाराच्या यादीत आहे तसं, आधी आडनाव.' सहावी: 'परवलीचा शब्द टाका. सगळ्यांचा एकच आहे, तुम्हाला माहीत आहे.' इथेही वहिनींनी पेन्सिल टेकवली होती, पण लिहिले काही नाही.

मंगळवारी प्रोग्रॅम बसवायला घेतला तेव्हा सर घरी नव्हते. रोज सकाळी साडेदहाला ते सार्वजनिक वाचनालयात वर्तमानपत्रे वाचायला जातात आणि एकला परततात. हा क्रम तीन आठवड्यांपासूनचा आहे. त्याआधी वर्तमानपत्र ते घरीच वाचत.

प्रोग्रॅम बसवायला दहा मिनिटे लागली. पहिल्याच खिडकीने भाषा विचारली. वायरबाबाचा कागद इंग्रजी गृहीत धरून लिहिलेला होता, आणि वहिनींनी मराठी निवडली. पुढच्या खिडक्या त्यांनी एकेक करून मोठ्याने वाचल्या, रिकाम्या खोलीत. मग पडद्यावर एक पांढरा रकाना आला आणि त्याच्यावर अक्षरे होती: 'यजमानाचे नाव'.

ज्या संगणकाकडे आपण पाहुणे म्हणून जातो त्याला संगणकवाल्यांच्या भाषेत यजमान म्हणतात. वहिनींच्या भाषेत यजमान एकच. नवऱ्याचे नाव त्यांना आजवर बँकेने विचारले होते, दवाखान्याने विचारले होते, गॅसच्या कचेरीने विचारले होते. "आता याला कशाला हवंय," असे म्हणत त्यांनी आधी आडनाव आणि मग सरांचे नाव लिहिले, पगाराच्या यादीत असायचे तसे.

प्रयोगशाळेत प्रत्येक संगणकाला त्यावर बसणाऱ्याचेच नाव दिलेले आहे. पगाराच्या यादीत असते तसे.

पडदा उजळला तेव्हा आपलाच संगणक दिसतो आहे असे वहिनींना वाटले. एक अहवाल उघडा होता आणि त्यावरून माऊसचा बाण फिरत होता. आपला हात थरथरतो आहे असे वाटून त्यांनी माऊस सोडला आणि हात मांडीवर ठेवला. बाण फिरतच राहिला.

पुढचे त्यांनी वायरबाबाच्या कागदाच्या मागच्या बाजूला मिनिटागणिक लिहून ठेवले आहे. अहवाल एका सात मजली इमारतीच्या लिफ्टच्या दोराचा. चाचणीची तारीख सरांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातली. खाली सही सरांची. दोर निदान चव्वेचाळीस किलोन्यूटन ताणापर्यंत टिकायला हवा, अशी अट छापलेली. तुटला तो आकडा ४६.८. म्हणजे दोर पास.

बाण त्या रकान्यात गेला. ४६.८ पुसले गेले. त्या जागी एकेक अंक येत ४१.२ झाले. मग बाण वर सरकला, निकालाच्या रकान्यात 'योग्य' होते त्याचे 'अयोग्य' झाले. मग आणखी वर, शेऱ्याच्या ओळीत.

खालून वर.

वहिनींनी हे दोन शब्द कागदावर लिहिले आणि त्यांच्याखाली रेघ ओढली. जगातले सगळे लोक फॉर्म वरून खाली भरतात. सर खालून वर भरतात. आधी दोर तुटतो, बाकीची सगळी हकिकत मागाहून, असे त्यांचे म्हणणे. आकडा आधी, मग निकाल, मग शेरा, आणि सर्वांत शेवटी नमुना कुणाचा ते. यावरून वहिनींनी त्यांच्याशी वर्षानुवर्षे वाद घातला आहे, कारण वरची ओळ हटकून राहून जायची.

अकरा अठ्ठावीसला पडद्याच्या माथ्यावर एक पिवळी पट्टी आहे हे वहिनींच्या लक्षात आले. बहुधा ती आधीपासून होती. 'आणखी एक व्यक्ती हा पडदा पाहत आहे.' ते पलीकडच्यालाही तेव्हाच दिसले असावे. बाण वर गेला आणि पट्टीवर जाऊन उभा राहिला. चांगला मिनिटभर, असे वहिनी म्हणतात. त्यांच्याच कागदावर वीस सेकंदांची नोंद आहे. मग पडदा काळा झाला आणि मधोमध एक वाक्य आले.

'यजमानाने जोडणी तोडली.'

वहिनींनी वायरबाबाला फोन लावला.

"काय वहिनी, झाली का जोडणी?"

"झाली. पण भाऊजी, तुमच्या प्रोग्रॅमला माझ्या नवऱ्याचं नाव कशाला हवं होतं?"

"कुणाचं नाव?"

"यजमानाचे नाव लिहा म्हणाला. मी लिहिलं."

पलीकडे हसू फुटले. "अहो वहिनी! यजमान म्हणजे होस्ट! तुमच्या टेबलावरचा संगणक! तिथं तुमचं नाव टाकायचं. मराठी निवडायला कुणी सांगितली होती?"

"मराठी निवडायला सांगावं लागतं का?"

"बरं बाई, चुकलं माझं. म्हणजे सरांचं नाव टाकलंत. मग लागलंच नसणार काही. सरांचा संगणक सहा महिने अडगळीच्या खोलीत पडलाय. वायर काढून ठेवलाय मी."

"लागला."

हसू थांबले. "काय लागला?"

"तुमचा पडलेला संगणक. नऊ मिनिटं."

"छे हो. तुमचाच पडदा दिसला असेल तुम्हाला."

"भाऊजी, एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधतेय. माझा पडदा मला ओळखता येतो."

वायरबाबा बघून येतो म्हणाला. अकरा बावन्नला त्याचा फोन आला.

"बंदच आहे वहिनी."

"वायर?"

"वायर... वायर लावलेली आहे. कुणी लावली कळत नाही. हात लावून बघितला, जरासा गरम आहे. उन्हानंही असेल."

"अडगळीच्या खोलीला खिडकी कुठे आहे?"

"नाहीये खरी."

"किल्ल्या किती आहेत त्या खोलीच्या?"

"तीन. एक माझ्याकडे, एक चेल्याकडे, आणि एक सरांकडे असायची. त्यांनी जाताना दिलीच असणार की परत."

"नोंद?"

"बघावी लागेल."

"बघा." चेला म्हणजे सरांच्या हाताखाली तयार झालेला आणि आता त्यांच्या खुर्चीवर बसलेला चाचणीकार.

"वहिनी, पण दिसलं काय तुम्हाला तिथं?"

"काही नाही. एक फॉर्म होता," वहिनी म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपण समोर असलेली गोष्ट नाही म्हणून सांगितली. का, तर सगळ्या संगणकांना एकच परवलीचा शब्द वायरबाबानेच दिलेला होता, आणि आधी हसणारा माणूस नंतर इतका सावध का बोलला, अशी एक पाल मनात चुकचुकली. दुसरे कारण असे की त्या दोन शब्दांखालची रेघ अजून ताजी होती. तिसरी किल्ली परत आल्याची नोंद सापडत नाही, असा वायरबाबाचा निरोप साडेबाराला आला.

सर एक वाजून पाच मिनिटांनी आले. वहिनींना उभे राहता येत नाही, म्हणून सध्या पाने तेच घेतात. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी दारामागच्या खुंटीला अडकवला. जेवायच्या टेबलावरून वहिनींना तो दिसत होता. घराची एक, कपाटाची एक, सायकलच्या कुलपाची एक. आणि एक छोटी, पितळी. हा जुडगा त्या घरात वर्षानुवर्षे होता, पण किल्ल्या त्यांनी आधी कधी मोजल्या नव्हत्या. चौथी कशाची, हे त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते.

"जोडलंस का गं तुझं ते?" सरांनी वाढता वाढता विचारले.

"जोडलं. आधी जरा घोळ झाला. यजमानाचे नाव विचारलं, मी तुमचं टाकलं."

सर मनापासून हसले. "चला, कुणीतरी मला यजमान म्हणून मान दिला. या घरात तर मी वाढप्याच."

"आणि ते जोडलं गेलं. तुमच्याच संगणकाला."

सरांनी पाण्याचा पेला वहिनींपुढे सरकवला. "मीठ बरोबर पडलंय ना?"

वहिनी सांगतात की त्यांना खटकले ते इथे. सरांच्या सवयीचा एक प्रश्न आहे: 'काय दिसलं?' यंत्रात दोर तुटला की ते धावत जात, हातात भिंग, आणि मदतनिसाला आधी हेच विचारत. वहिनींच्या पायाचा एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनाही त्यांनी हेच विचारले होते. शेजारच्या घरात भांडण झाले तरी हेच. बंद पडलेल्या आपल्या संगणकात बायको डोकावून आली, आणि त्यांनी मिठाची चौकशी केली.

"आज काय वाचलंत?" वहिनींनी विचारले.

"नेहमीचंच. रस्ते, पाणी, कोण कुणाला काय म्हणालं."

"कोण काय म्हणालं?"

"अगं, तू जेवतेयस की जबानी घेतेयस?"

"पाय मोडलाय. दुसरा उद्योग काय मला?"

सव्वादोनला सर आत आडवे झाले. वहिनींनी पुन्हा प्रोग्रॅम उघडला आणि या वेळी यजमानाच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. त्यांच्या टेबलावरचा संगणक समोर आला, मुलीच्या लहानपणीच्या फोटोसकट. त्यांनी जुन्या अहवालांचा साठा उघडला. तो अहवाल तिथे होता. दोर अयोग्य, आकडा ४१.२. शेवटचा बदल आज, अकरा सत्तावीस. मग त्यांनी स्वतःची तपासणीची यादी काढली. आठ महिन्यांपूर्वीच्या त्या आठवड्यात त्यांनीच नोंदवले होते: ४६.८, योग्य, प्रत रवाना.

म्हणजे इमारतवाल्यांच्या हातात एक आकडा होता आणि प्रयोगशाळेच्या साठ्यात आजपासून दुसरा. दोन्हींखाली सही एकच. वहिनींनी दोन्ही शक्यता मांडून पाहिल्या. तेव्हाचा आकडा खरा असेल तर आज कुणीतरी सरांना खोटे पाडत होते. आजचा आकडा खरा असेल तर सरांनी जाता जाता निकामी दोर पास केला होता, आणि लोक आठ महिने त्याच्या भरवशावर वरखाली करत होते.

त्या काठीच्या आधाराने आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. "अहो. उठा."

"काय झालं? पाय दुखतोय?"

"सात मजली इमारतीचा दोर. तुमचा शेवटचा आठवडा. सेहेचाळीस पूर्णांक आठ होता की एक्केचाळीस पूर्णांक दोन?"

सरांनी डोळे उघडले. छताकडे पाहिले. "मशीनवर जे आलं ते लिहिलं."

"काय आलं?"

"आठ महिने झाले. कसं आठवणार?"

सरांना आकडे आठवतात. लग्नाच्या वर्षी क्रेनचा एक जाड दोर कितीला तुटला होता हे ते अजून सांगतात, कुणी विचारलेले नसले तरी.

"आठवत नाही?"

"नाही."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं."

"तुझा विश्वास नाही माझ्यावर."

"मी तपासनीस आहे. विश्वास ठेवायला मला नेमलेलं नाही."

सर उठून बसले. चष्मा शोधला, तो उशीखाली होता. मग विचारले, "कुणाला बोललीस का हे?"

"अजून नाही."

"मी जरा पाय मोकळे करून येतो," असे म्हणून त्यांनी शर्ट चढवला, खुंटीवरचा जुडगा घेतला आणि दोन चाळीसला ते बाहेर पडले. मोकळे करायला आपल्याला एकच पाय आहे, असे काहीतरी वहिनी त्यांच्या पाठीमागे बोलल्या. ते त्यांनी ऐकले की नाही कळले नाही.

नमुन्याच्या अर्जावर इमारतीचा फोन नंबर होता. फोन रखवालदाराने उचलला.

"तुमची लिफ्ट आत्ताच्या आत्ता बंद करा," वहिनी म्हणाल्या. आपले पूर्ण नाव, हुद्दा आणि प्रयोगशाळा त्यांनी सांगितली.

"बंद? अहो बाई, सहाव्या मजल्यावर एक आजोबा आहेत. चाकाच्या खुर्चीवर. चारला त्यांना खाली आणायचं असतं. लिफ्ट बंद केली तर मलाच उचलावं लागेल."

"उचला. दोराचा प्रश्न आहे."

"कुठल्या दोराचा? दोर तर नवाकोरा आहे. दोनच महिने झाले."

वहिनींनी पेन्सिल उचलली. "कुणी घालायला सांगितला?"

"तुमच्याच ऑफिसातनं फोन आला होता. मीच घेतला. दोर बदला, उद्यावर टाकू नका म्हणाले. मी सेक्रेटरींना सांगितलं, त्यांनी कटकट केली, पण बदलला."

"नाव काय सांगितलं?"

"नाव नाही सांगितलं. मी विचारलं तर म्हणाले, नावाशी काय करायचंय, दोराचं बघा."

"बाई की पुरुष?"

"पुरुष."

"तरुण की वयस्कर?"

"बाई, फोनवर सगळेच वयस्कर वाटतात. तुम्ही पण वाटताय."

"जुना दोर कुठे आहे?"

"भंगारात गेला की. मग आता लिफ्ट बंद करायची का चालू ठेवायची?"

वहिनी म्हणाल्या, चालू ठेवा. लिफ्टची काळजी मिटली. बाकी होते ते मिटले नव्हते. दोन महिन्यांपूर्वीच कुणा पुरुषाला दोराबद्दल माहीत होते. त्याने इमारतवाल्यांना सावध केले, ऑफिसात चकार शब्द काढला नाही, आणि साठ्यातला आकडा बदलायला आजचा दिवस निवडला. कुठेतरी पाणी मुरत होते, आणि ते आपल्याच भिंतीत की शेजारच्या, हे वहिनींना ठरवता येत नव्हते.

साडेतीनला त्यांनी चेल्याला फोन केला. तुटलेल्या प्रत्येक नमुन्याचा उरलेला तुकडा सील केलेल्या पिशवीत वर्षभर जपून ठेवण्याचा नियम आहे. तो तुकडा पुन्हा ओढून पाहता येतो.

"वहिनी! पाय काय म्हणतोय?"

"पाय जागेवर आहे. एक नंबर देते, त्या नमुन्याची पिशवी मांडणीवर आहे का बघ."

नंबर ऐकताच चेला म्हणाला, "आहे."

"न बघताच?"

"सकाळीच मांडणी आवरली मी. बघितली पिशवी."

"किती वाजता आवरलीस?"

"असतील अकरा, साडेअकरा. का हो?"

"अडगळीच्या खोलीत गेला होतास का?"

"मांडणी तिथेच हलवलीये वहिनी. सगळेच जातात तिथं. आज काय माझी तपासणी चाललीय?"

"तू फॉर्म कसा भरतोस रे? वरून की खालून?"

"खालून. सरांनी शिकवलं तसंच. तुम्हीच ओरडायचात आम्हा दोघांना." तो हसला, पण लगेच आवाज खाली आला. "वहिनी, सरांना विचारलंत का?"

"काय विचारायचं?"

"नाही, काही नाही. असंच."

वहिनींनी असंच या शब्दाची नोंद केली नाही, पण तो त्यांना अजून आठवतो.

चार वाजता त्या मोठ्या साहेबांना पत्र लिहायला बसल्या. घरच्या पडद्यावर, ऑफिसच्या संगणकातून. वेळा, नमुन्याचा नंबर, दोन्ही आकडे, इमारतीच्या रखवालदाराचे म्हणणे, सगळे त्यात आले. सरांचे नाव वेगळे लिहायची गरज नव्हती, ते अहवालावर होतेच. अडकले ते एका वाक्यावर: 'बदल खालून वर करण्यात आले.' ते त्यांनी लिहिले आणि पुसले. ते ठेवले तर संशय दोनच माणसांवर येत होता, आणि त्यातल्या एकाने दुपारी त्यांना वाढले होते. पुसले तर पत्रात काही खोटे राहत नव्हते. पण दुसऱ्या कुणी असे काही गाळून पाठवले असते तर वहिनींनी ते लाल पेन्सिलीने परत केले असते. पाचला दहा कमी असताना पत्र गेले. वाक्य त्यात होते.

साहेबांचे उत्तर वीस मिनिटांत आले. गुरुवारी सकाळी दहा वाजता सर्वांसमोर पिशवीचे सील फोडून उरलेला तुकडा पुन्हा ओढला जाईल. तोवर पिशवीला कुणी हात लावायचा नाही. सरांनी हजर राहावे, अशी विनंती.

सर सहाला परतले. जुडगा खुंटीला लावला. वहिनींनी या वेळी तिकडे पाहिले नाही.

"मी साहेबांना कळवलंय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जे दिसलं ते."

सर खुर्चीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. "सगळं?"

"सगळं. गुरुवारी दहाला तुकडा ओढणार आहेत. तुम्हाला बोलावलंय."

"हं."

"इमारतीचा दोर बदललाय म्हणे. नवा घातला."

"बरं झालं," सर म्हणाले. कधी बदलला, कुणी सांगितले, हे त्यांनी विचारले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "खुर्चीवर पाय वर घेऊन बस. सूज येईल." आणि उशी आणून त्यांनी ती वहिनींच्या टाचेखाली नीट सरकवली.

बुधवारी सर वाचनालयात गेले नाहीत. दुपारी तीनला वायरबाबाचा फोन आला. सरांचा संगणक आता मोठ्या साहेबांच्या खोलीत कुलूपबंद आहे. त्यातल्या नोंदींप्रमाणे मंगळवारी त्याला दोन जोडण्या झाल्या. अकरा वीसची वहिनींची, आणि त्याआधी दहा अठ्ठावन्नची आणखी एक.

"म्हणजे अडगळीच्या खोलीत बसून कुणी काही केलेलं नाही," वायरबाबा म्हणाला. "वायर कुणीतरी आधीच लावून ठेवली, आणि मग बाहेरून जोडलं. तुम्ही जोडलंत तसंच."

"बाहेरून म्हणजे कुठून?"

"कुठूनही. घरातून, दुकानातून, वाचनालयातून. हल्ली सगळीकडे संगणक असतात. मला एक लांबलचक आकडा दिसतोय फक्त. तो कुठल्या जागेचा, हे इंटरनेटच्या कंपनीला विचारलंय."

वहिनींनी आकडा लिहून घेतला. समोरच्या खोलीत सर वर्तमानपत्र वाचत होते. पान बराच वेळ उलटलेले नव्हते.

बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत कंपनीचे उत्तर आलेले नव्हते. पिशवीचे सील शाबूत आहे. उद्या सर येणार आहेत का, हे विचारायला मोठ्या साहेबांनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तो वहिनींनी उचलला आणि फोनवर हात ठेवून आत विचारले. आतून अजून उत्तर आलेले नाही.